रक्ताची वाट

तीन. चार. सहा. सहा. सात.
डॉक्टर रेत्नो आकडे सांगतात, मी लिहून घेते.
दात आणि हिरडी यांच्या मधल्या फटीत
बोथट सुई उतरते, विहिरीत दोर सोडावा तशी.
तळ लागेपर्यंत आम्ही तिघंही गप्प.
तक्त्यावर नाव: सुतिक्नो. वय एकसष्ट.
रोज सोळा क्रेतेक.
नातं लिहायला तक्त्यावर रकाना नाही.
खुर्चीत माझे बाबा आहेत.

हिरडीतून रक्त येतं?
कधीच नाही, बाबा म्हणतात,
तोंडात आरसा असताना
छाती जेवढी पुढे काढता येते तेवढी काढून.
शेजारच्या सलामूनचं बेसिन रोज लाल होतं,
माझं बघा.

बघितलं.
फिकट, घट्ट, चापून बसलेली हिरडी,
वरून सारवलेली, खालून वाळवीने खाल्लेली भिंत.
धुराने बारीक नसा आवळून धरल्यात.
घरात आग, आणि घंटा वाजवणाऱ्याचे हात बांधलेले.
चाळीस वर्षांत
या हिरडीने तोंडातून ब्र काढलेला नाही.

आई पहाटे साडेपाचला सायकल काढते.
कुदुसच्या सगळ्या गल्ल्यांतून तेव्हा बायकाच निघतात,
विटांच्या मिनाराखालून, डबे खडखडत.
ती लाकडी यंत्राची मूठ ओढते,
जोडीदारीण टोकं कातरते,
शेकड्यावर मजुरी.
माझ्या शिक्षणाची फी त्या शेकड्यांतून गेली.
म्हणून 'सोडा' हा शब्द मी घरात कधी उच्चारला नाही.
तो दुसऱ्या कुणी म्हणावा
म्हणून तर बाबांना या खुर्चीपर्यंत आणलं.

इथे लवंगतेलाचा वास असतो.
आईच्या बोटांना तोच.
लहानपणी मला वाटायचं,
आई दातांची डॉक्टर आहे.

चार खेपांत मुळं खरवडून झाली.
दोन महिन्यांनी पुन्हा सुई.
जेनांग विकणाऱ्या बू मुर्यातींचं काम
त्याच आठवड्यात सुरू झालं होतं:
त्यांच्या सहाचे तीन झाले.
बाबांच्या सहाचे पाच.
सातचे सात.
तेच हात, तीच हत्यारं.
माझं कमी खरवडलंत का? बाबांनी विचारलं.
डॉक्टर हातमोजे काढत म्हणाल्या,
माझ्या वाटचं मी केलं, पाक सुतिक्नो.
उरलेलं रक्ताने करायचं असतं.
त्याला तुम्ही येऊ देत नाही.

मग रमजान आला.
दिवसा काय, सगळेच ओढायचं थांबतात.
मगरिबची अजान झाली, खजूर झाला, गोड चहा झाला.
बाबांनी डबी उघडली,
हुंगली,
मिटली.
कुणी काही बोललं नाही.
भाऊ वाडग्यात बघत म्हशीचं सोतो खात राहिला.
दुसऱ्या दिवशी तेच. ईदच्या दिवशीही तेच,
फक्त त्या दिवशी ते सगळ्यांवर ओरडले,
मांजरावरसुद्धा.

आणि एका सकाळी मोरीतून हाक.
ब्रशच्या केसांवर गुलाबी फेस.
काय करून ठेवलंत तुम्ही लोकांनी माझं?
हात थरथरत होता.
मी वाकून पाहिलं, आणि मला हसू आवरेना,
बापाच्या रक्ताला हसणारी मुलगी.
बाबा, म्हटलं, ती बोलायला लागली.

आई दारात, डबा हातात.
तिनेही बेसिनमध्ये पाहिलं, बराच वेळ.
मग म्हणाली, आज तीन हजारांची ऑर्डर आहे,
आणि गेली.

चार. चार. तीन. पाच.
सात होता तो दात मात्र राहिला नाही.
गेलेलं हाड परत येत नसतं,
डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं, आम्हीच ऐकलं नव्हतं.
बाबांनी तो कागदात गुंडाळून
त्या शेवटच्या डबीत ठेवलाय,
उरलेल्या अकरांच्या शेजारी.
कधी कधी उघडून बघतात.
काय बघतात, मी विचारत नाही.
घरभर लवंगेचा वास सुटतो.